डी कॉक की बोल्ट? मुंबईचा सर्वात भारी सौदा

मुंबई इंडियन्सने दुसऱ्या संघांकडून घेतलेल्या खेळाडूंत सर्वात भारी सौदा कोणता, आमच्या कट्ट्यावर हा वाद दर आयपीएलला उकरून निघतो. गुजरातकडून आणलेल्या हार्दिक पांड्याचं नाव काढलं की मात्र सगळे चहात बिस्कीट बुडवतात. त्याच्या कप्तानीत 2024 ला आपण तळाला होतो, अजून जखम ओली आहे.

क्विंटन डी कॉक 2019 च्या मोसमाआधी बंगळुरूकडून आला, अवघ्या 2.8 कोटींत. त्या पैशांसाठी मुस्तफिजूर आणि अकिला धनंजय या गोलंदाजांना सोडावं लागलं. पठ्ठ्याने पहिल्याच मोसमात 529 धावा ठोकल्या, संघात सर्वाधिक, वर यष्टिरक्षणाची चिंताही मिटवली. पैसा वसूल म्हणतात तो हाच.

तरी माझं मत ट्रेंट बोल्टला. दिल्लीने त्याला 2020 च्या आधी आपल्याला देऊन टाकलं, आणि त्याने 25 बळी घेतले. क्वालिफायरमध्ये दिल्लीचेच शॉ आणि रहाणे पहिल्याच षटकात शून्यावर घरी. मग दुबईतली फायनल, समोर पुन्हा दिल्ली. पहिलाच चेंडू उसळला, स्टॉइनिसच्या बॅटची कड घेऊन मागे गेला. लोक अजून सोफ्यावर नीट टेकलेही नव्हते. पुढे रहाणेही त्यानेच काढला आणि सामनावीरही तोच ठरला. ज्यांनी दिला, त्यांनाच फायनलमध्ये असा नडला, याची सर 529 धावांना कुठून येणार?

डी कॉकवाले मात्र ऐकत नाहीत. स्टॉइनिसचा तो झेल पकडला कोणी, विचारतात. पकडला होता डी कॉकनेच.