तुर्कीचं सशुल्क ॲप: सगळं घोडं 'मि'पाशी अडतं

तुर्की भाषा शिकवणाऱ्या या ॲपची वर्षाची वर्गणी न विचारता पुन्हा कापली गेली, म्हणून सविस्तर लिहितोय. शब्दसंग्रह, उजळणी, ऑफलाइन धडे ठीकच आहेत. आक्षेप प्रश्नांच्या धड्यांवर आहे.

मराठीत शेवटी 'का' लावला की प्रश्न झाला. तुर्कीत तिथे 'मि' येतो, पण आधीच्या शब्दातल्या शेवटच्या स्वराप्रमाणे बदलतो. ए-इ नंतर मि, ओ-उ नंतर मु, आ आणि बिनटिंबाच्या आय (ı) या अक्षरानंतर मऽ (ओठ पसरून काढलेला आखूड स्वर, इथे ऽ ने दाखवतोय), आणि ओ-उ वर दोन टिंबं (ö, ü) असली तर म्यु. लिहायचा कायम सुटा. वर्तमानकाळात पुरुषाचा प्रत्यय क्रियापद सोडून या 'मि'ला चिकटतो: गेलियोरसुन म्हणजे येतोयस, पण येतोयस का हे विचारायचं तर गेलियोर मुसुन? साध्या भूतकाळात मात्र प्रत्यय क्रियापदालाच राहतो: गेल्दिन मि? (आलास का?)

ॲप नेमका इथेच घात करतं. 'मुसुन' हा अख्खा ठोकळा तयार मिळतो आणि पर्यायांत चुकीचा प्रत्यय ठेवलेलाच नसतो. धड्यात पैकीच्या पैकी गुण, आणि स्वतः बोलायची वेळ आली की तोंडातून 'गेलियोरसुन मु' निघतं. सेटिंगमध्ये टायपिंग चालू करता येतं, ते पहिल्या दिवसापासून करा. फोनवर तुर्की कीबोर्ड घ्या. इंग्रजी कीबोर्डवर मऽ ऐवजी मि टाइप होतं आणि ॲप तेही बरोबर धरतं, हे तर अक्षम्य आहे.

ऑडिओबद्दलचं मत मात्र बदललंय. आधी एकच तारा दिला होता, वेग फार म्हणून. पण जोर 'मि'च्या आधीच्या अक्षरावर पडतो आणि 'मि' खाली उतरतो, हे त्याच वेगात कानाला कळतं. 'हळू' बटण दाबलं की सगळी अक्षरं सारखी ऐकू येतात. आता चार तारे.

'मि'ची जागा बदलली की प्रश्न बदलतो, यावर धडाच नाही. इस्तंबूलच्या एमिन्योन्यू धक्क्यावरून कादऽक्योयलाही बोट जाते आणि उस्क्युदारलाही. 'बु वापुर कादऽक्योये गिदियोर मु?' म्हणजे ही बोट कादऽक्योयला जाते का. 'बु वापुर कादऽक्योये मि गिदियोर?' म्हणजे ही कादऽक्योयलाच जाते ना, दुसरीकडे नाही ना. आता 'मि' गावाच्या नावामागे लागला, म्हणून त्याचा स्वरही बदलला. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मराठीसारखंच, क्रियापदानं: 'गिदियोर' (जाते). चहा की कॉफी विचारतानाही आपल्या एका 'की'च्या जागी दोन्हीकडे लागतो: चाय मऽ, काह्वे मि?

ने, किम, नेरेदे, काच (काय, कोण, कुठे, किती) हे धडे चांगले जमलेत. यांच्याबरोबर साधारण 'मि' लागत नाही आणि 'काच'नंतर नाम एकवचनीच राहतं: काच बिलेत? हे वारंवार घोकून घेतात, ते आवडलं.

पण सगळं 'सेन'मध्ये, म्हणजे अरे-तुरेत. तिकीट खिडकीवर आदरार्थी 'मुसुनुझ' लागतं. हॉटेलात वेटरला हाक मारायची 'बाकार मऽसऽनऽझ?' (बघता का जरा?) अशी, आणि हे वाक्य पूर्ण अभ्यासक्रमात कुठेच नाही. वर्षाचे पैसे भरू नका. महिन्याची वर्गणी घ्या, काळांचे धडे टायपिंगवर संपवा आणि आपोआप नूतनीकरण घेतल्या दिवशीच बंद करा.