स्वस्तातला हायड्रोजन: निकेल, लोह, मॉलिब्डेनम की कोबाल्ट?

पाण्यापासून हायड्रोजन काढणारा छोटा सेल कॉलेजच्या प्रयोगशाळेत किंवा नव्या उद्योगाच्या शेडमध्ये उभा करायचा असेल, तर धातू निवडण्याआधी द्राव ठरवा. आम्ल की अल्कली, एवढ्यावरच निम्मा निर्णय होऊन जातो.

आम्लाच्या, म्हणजे पीईएम (प्रोटॉन जाऊ देणारा पडदा असलेल्या) सेलमध्ये कॅथोडवर, म्हणजे हायड्रोजन सुटतो त्या बाजूला, प्लॅटिनमऐवजी मॉलिब्डेनम सल्फाइड किंवा कोबाल्ट फॉस्फाइड चालतं. दोन्हींवर भरपूर संशोधन झालंय आणि आकडेही चांगले येतात. पण खर्चाची खरी अडचण समोर, ॲनोडवर आहे. तिथे ऑक्सिजन सुटताना निकेल, लोह, कोबाल्ट आम्लात विरघळतात. टिकतं ते इरिडियम, आणि त्याचं जगभरातलं वार्षिक उत्पादन जेमतेम सात-आठ टन. कॅथोडला प्लॅटिनम आधीच इतकं कमी लागतं की ते वाचवून हिशेब फारसा बदलत नाही. त्यामुळे पैसा वाचवणं हाच हेतू असेल तर सरळ अल्कलीकडे वळा.

२५-३० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइड आणि ७०-८० अंश तापमान असलेल्या सेलमध्ये निकेल वर्षानुवर्षं टिकतं. ॲनोडसाठी निकेल-लोहाच्या जोडीला मी डोळे झाकून पहिला क्रमांक देईन. निकेल ऑक्साइडमध्ये लोहाचा अंश गेला की ऑक्सिजन कितीतरी सहज सुटतो, हे डेनिस कॉरिगन यांनी १९८७ मध्ये दाखवलं. बाजारातल्या पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्येही लोहाची अशुद्धी असते, म्हणून 'शुद्ध निकेल'चे अनेक जुने आकडे प्रत्यक्षात या जोडीचेच निघाले. निकेलच्या जाळीवर दोन्ही धातूंच्या क्षारांच्या द्रावातून निकेल-लोहाचा थर काही मिनिटांत चढतो. नुसता कोबाल्ट ऑक्साइडही चालतो, पण कोबाल्टसाठी बॅटरीवाल्यांशी स्पर्धा करावी लागते आणि निकेल-लोहापेक्षा जास्त काही पदरात पडत नाही.

स्टेनलेस स्टीलचा ॲनोड सगळ्यात स्वस्त, आणि सुरुवातीला कामही झकास करतो. तरीही तो वापरू नका. त्यातलं क्रोमियम विषारी षट्संयुजी रूपात द्रावात उतरतं, आणि तो द्राव मोरीत ओतता येत नाही.

कॅथोडचा निर्णय जास्त अवघड. निकेल-मॉलिब्डेनम कमी व्होल्टेजवर हायड्रोजन देतं आणि सायट्रेट मिसळलेल्या द्रावातून प्रयोगशाळेतच त्याचा मुलामा देता येतो. रॅनी निकेल, म्हणजे निकेल-ॲल्युमिनियम मिश्रधातूतलं ॲल्युमिनियम कॉस्टिकने काढून उरलेलं सच्छिद्र निकेल, कारखान्यांत मुरलेलं आहे. मात्र कोरडं झालं की ते हवेत पेट घेतं, ओलंच ठेवा. सौर पॅनलवर चालणारा सेल रोज संध्याकाळी थांबतो, आणि थांबल्यावर कॅथोडचं ऑक्सिडीकरण होऊन मॉलिब्डेनम हळूहळू विरघळतं. अशा ठिकाणी मी रॅनी निकेल घेईन. त्यालाही सेल थांबल्यावर वाहणारा उलटा प्रवाह मानवत नाही, म्हणून बंद वेळात थोडा संरक्षक प्रवाह चालू ठेवा. सेल अखंड चालणार असेल तर मात्र निकेल-मॉलिब्डेनम.

या फरकाची किंमत मोजता येते. सेलवर जादा लागणारा प्रत्येक ०.१ व्होल्ट किलोभर हायड्रोजनमागे सुमारे २.७ युनिट वीज खातो. युनिटला आठ रुपये धरले तर किलोमागे एकवीस-बावीस रुपये. उत्प्रेरकाचा खर्च एकदाच होतो, हे रोजचं.

शोधनिबंधांतले आकडे बहुधा दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअरचे असतात, तर कारखान्यातले अल्कली सेल २०० ते ४०० वर किंवा त्याहून पुढे चालतात. म्हणून विक्रेत्याला किंवा गाइडला त्या प्रवाहावरचा, शेकडो तास चालवल्यानंतरचा आकडा मागा. कॅथोड स्वतः तपासताना समोर प्लॅटिनमची तार लावू नका, ग्रॅफाइट लावा. प्लॅटिनम थोडं विरघळून तुमच्या नमुन्यावर बसतं आणि साधं निकेलही उत्कृष्ट भासतं.