७७ केल्विनसाठी पीटी१०० की सिलिकॉन डायोड?

नागपुरात द्रव नायट्रोजनच्या ७७ केल्विनपर्यंतच तापमान मोजायचं असेल तर सरळ पीटी१०० घ्या, म्हणजे तापमानाबरोबर रोध बदलणारा प्लॅटिनमचा संवेदक. ७७ केल्विनला त्याचा रोध साधारण २०.२ ओहम असतो आणि दर केल्विनला ०.४३ ओहम बदलतो. १ मिलिअँपिअर प्रवाह, चार तारा (दोन प्रवाहाला, दोन व्होल्टेज मोजायला), आणि त्याच प्रवाहात १०० ओहमचा संदर्भरोध, दर अंशाला १० पीपीएम (दशलक्षात १० भाग) एवढाच बदलणारा. दोन्हींच्या व्होल्टेजचं गुणोत्तर घ्या. मग मे महिन्यात खोली ४५ अंशांवर गेली आणि प्रवाह सरकला, तरी वाचन हलत नाही. कूलरच्या झोताने टर्मिनलवर उपटणारं औष्णिक व्होल्टेज प्रवाह उलटवून दोन वाचनांतून काढून टाका.

सिलिकॉन डायोडमध्ये ठरावीक प्रवाहावरच्या व्होल्टेजवरून तापमान कळतं, पण त्याला ही सोय नाही. उलटा प्रवाह तो वाहूच देत नाही. शिवाय तारांत शिरलेला ५० हर्ट्झचा गोंगाट तो रेक्टिफाय करतो, म्हणजे एकाच दिशेचा करतो, आणि तापमान खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, म्हणून पिळाची शील्डेड तार हवीच. पण द्रव हेलियमच्या ४.२ केल्विनला प्लॅटिनम जवळपास मुकं होतं, म्हणजे तापमानाबरोबर त्याचा रोध फारसा बदलत नाही. तिथे १० मायक्रोअँपिअरवर चालणारा डायोडच घ्यावा.