हळदीच्या पल्व्हरायझरवर व्हायब्रेशन सेन्सर: सात महिन्यांनंतर

कुपवाड एमआयडीसी, हळद दळायचा पल्व्हरायझर, २९४० आरपीएम. त्याच्या बेअरिंगवर थरथर मोजणारा सेन्सर बसवलाय. मोबाइलवर सेन्सरच्या ॲपमध्ये ‘शिल्लक आयुष्य ४७ दिवस’ दिसत असताना ऐन हंगामात ६३०९ नंबरचं बेअरिंग जाम झालं. सेन्सर कंपनीचं उत्तर, ‘सिस्टिम अजून शिकतेय.’ तेव्हा एक स्टार दिला होता. आता तीन करतोय, पण सेन्सर चिकटवायला सोबत येणाऱ्या चुंबकाला शून्यच.

बेअरिंगचा पहिला टवका उडतो तेव्हा त्याचे ठोके काही किलोहर्ट्झमध्ये वाजतात. हाउसिंगवरचा (बेअरिंग बसतं त्या कवचावरचा) रंग, त्यावर हळदीचा थर आणि त्यावर हा चपटा चुंबक, एवढ्यातून ते सेन्सरपर्यंत पोचतच नाहीत. हळू थरथर मात्र नीट पोचते, त्यामुळे आकडे ठीक दिसतात आणि बिघाड कळत नाही. डब्यात पाच रुपयांचा स्टड (सेन्सर आवळायचा आट्याचा खिळा) टाकायला काय जात होतं? हाउसिंगच्या जाड भागावर नाण्याएवढी जागा चकचकीत घासा, एम ६ चा आटा पाडा, ग्रीसचा पातळ हात द्या आणि सेन्सर आवळा. भोक बेअरिंगच्या सीटपर्यंत जाता कामा नये.

‘शिल्लक दिवस’ निघतात ते मिमी/सेकंदच्या, म्हणजे थरथरीच्या वेगाच्या चढावरून. पल्व्हरायझरमध्ये तो चढ मुख्यतः हळद कुटणारे हॅमर झिजून बॅलन्स गेल्याचा असतो. समोरासमोरचे हॅमर वजन जुळवून बदलले, तर ५.१ चे १.९ झाले आणि दिवस ३१ वरून १९० वर गेले. बेअरिंग तेच, झीजही तीच! ॲपमधल्या एल-१० वरही, म्हणजे सूत्रातून काढलेल्या बेअरिंगच्या आयुष्यावरही, विसंबू नका. शंभरातली नव्वद बेअरिंगं तेवढे तास टिकतील, एवढाच त्याचा अर्थ. बारीक हळद आत शिरून ग्रीसमधलं तेल पिते, हे त्या सूत्रात नाही.

मत बदललं ते एन्व्हलपच्या ग्राफमुळे. किलोहर्ट्झमधले ते ठोके सेकंदाला किती वेळा पडतात, ते हा ग्राफ दाखवतो. २९४० आरपीएम म्हणजे ४९ हर्ट्झ. ६३०९ मध्ये आठ बॉल, म्हणून बाहेरच्या रेसचा (बॉल फिरतात त्या कड्याचा) दोष साधारण ३.०६ पट, १५० हर्ट्झवर दिसतो. स्टड लावल्यावर दुसऱ्या टोकाच्या बेअरिंगला १५० आणि ३०० वर रेघा उभ्या राहिल्या. तीन आठवड्यांनी सुट्टीच्या दिवशी ते उतरवलं, तर बाहेरच्या रेसवर नख अडकेल एवढा टवका होता. मिमी/सेकंद तोवर हललेही नव्हते.

ग्रीस भरायचं ते ०.००५ × १०० (बेअरिंगचा बाहेरचा व्यास, मिमी) × २५ (रुंदी, मिमी), म्हणजे साडेबारा ग्रॅम. गनचा एक स्ट्रोक किती ग्रॅमचा ते काट्यावर बघून घ्या. जास्त भरलं तर बेअरिंग तापतं. सेन्सरच्या बॅटरीची तक्रार नाही.

वर्षाचं सबस्क्रिप्शन संपलं की एन्व्हलपचं पान बंद होतं, ‘शिल्लक दिवस’ चालू राहतात. हे उलट करा, मग चौथा स्टार देतो.