दूरचे टर्मिनल: रिमोट कंट्रोलर की टेलनेट?

शिरोली एमआयडीसीत एएस/४०० (आयबीएमचा व्यावसायिक संगणक) आणि गडहिंग्लजच्या गोदामात त्याची टर्मिनले (पडदा व कळफलक) असतील, तर बिघाड कसा शोधायचा हे जोडणीच्या प्रकारावर ठरते.

जुन्या पद्धतीत लीज्ड लाइन (भाड्याने घेतलेली कायमची लाइन), रिमोट कंट्रोलर (टर्मिनलांना त्या लाइनशी जोडणारी गोदामातली पेटी) आणि ट्विनॅक्स केबलवरची (आयबीएमच्या टर्मिनलांची दोन तारांची केबल) टर्मिनले अशी साखळी असते, आणि तपासही त्याच क्रमाने करावा. लाइन व कंट्रोलर ‘ॲक्टिव्ह’ असून एकच टर्मिनल ‘व्हेरी ऑन पेंडिंग’वर (सुरू केले, पण अजून प्रतिसाद नाही) अडकले असेल, तर दोष बहुधा गोदामातच सापडतो. एका पोर्टवर ० ते ६ असे सातच पत्ते असतात. दोघांना एकच पत्ता दिला गेला, किंवा शेवटच्या टर्मिनलऐवजी मधल्याचे टर्मिनेशन (केबल इथे संपते असे ठरवणारी जोडणी) चालू राहिले, की गोंधळ होतो.

टेलनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कवरून दूरच्या संगणकाशी टर्मिनल जोडण्याच्या पद्धतीत, सिस्टीम स्वतःच आभासी डिव्हाइस तयार करते. पिंग लागतो (संगणक नेटवर्कवर उत्तर देतो), पण साइन-ऑनचा पडदा येत नाही, अशी तक्रार असल्यास टेलनेट सर्व्हर सुरू आहे का, पोर्ट २३ किंवा सुरक्षित जोडणीचे ९९२ अडवलेले आहे का आणि ‘क्यूऑटोव्हीआरटी’ची (आपोआप तयार होणाऱ्या आभासी डिव्हाइसांच्या संख्येची) मर्यादा संपली आहे का, हे पाहावे. खरी डोकेदुखी ठराविक नावाच्या डिव्हाइसची असते: पावसाळ्यात लाइन तुटली तरी सर्व्हरच्या लेखी जुने सत्र जिवंतच राहते आणि त्याच नावाने आलेली नवी जोडणी नाकारली जाते.

नव्या जोडणीसाठी मी निःसंशय टेलनेटच निवडेन, मात्र ‘कीप-अलाइव्ह’ची (जोडणी जिवंत आहे का, हे सर्व्हरने तपासण्याची) वेळ आधी कमी करून घेईन.