दारू सोडवायची: घरी की भरती करून?

रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली की सहा-आठ तासांत हात थरथरतात, घाम फुटतो, मळमळतं, झोप उडते. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी काहींना भिंतीवर किडे दिसतात, माणूस बरळतो, घरच्यांना ओळखत नाही. लोक म्हणतात, 'बाहेरचं लागलंय.' ते डिलिरियम असतं, आणि त्यात जीव जाऊ शकतो.

थरथर बेताची, आधी कधी फिट नाही, दुसरा मोठा आजार नाही, गोळ्या ताब्यात ठेवणारं जबाबदार माणूस सोबत आहे, तर घरी जमतं. डॉक्टर बहुधा क्लोरडायझेपॉक्साइड या शामक गोळ्या देतात आणि आठवडाभरात डोस उतरवत नेतात. खर्च कमी, रजाही फारशी लागत नाही. पण गोळ्यांवर दारू प्यायली तर श्वास मंदावतो. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या तर नकोतच.

आधी फिट किंवा डिलिरियम झालेला, कावीळ, ताप, डोक्याला मार, घरात एकटा: इथे भरतीच. यकृत खराब असेल तर त्याच जातीचं लोराझेपाम बरं पडतं. थायमिन, म्हणजे ब१ जीवनसत्त्व, शिरेतून मिळतं, आणि ते ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत द्यायला हवं. 'अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा' हा आपला लाडका उपाय, सलाईन ग्लुकोजचं असेल तर, थायमिनशिवाय मेंदूला महागात पडू शकतो.

माझा कल? शंका असली तर भरती. आणि कुठलाही रस्ता धरा, हे फक्त शरीरातून दारू उतरवणं झालं. व्यसनाचे उपचार त्यानंतर सुरू होतात.