‘जळगाव वरून पाहा’ म्हणणाऱ्यांनी मला कसं फसवलं

मी धरणगावची. घरीच शिलाई करते, जास्त करून ब्लाऊज. लग्नसराईत रात्री बारा-एकपर्यंत मशीन चालू असतं. त्या कमाईतले १४,९९७ रुपये मी तीन दिवसांत, स्वतःच्या हाताने, स्वतःचा पिन टाकून, कधी न पाहिलेल्या माणसांना पाठवले. अस्तराच्या ब्लाऊजचे मी साडेतीनशे घेते. म्हणजे बेचाळीसच्या वर ब्लाऊज झाले. ज्याने शिवलेत त्यालाच कळेल बेचाळीस ब्लाऊज म्हणजे किती रात्री.

आखाजीला सुरतच्या ताई, म्हणजे माझी मोठी नणंद, माहेरपणाला आल्या होत्या. सोबत भाचा सोळाचा आणि भाची बारा वर्षांची. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, आमच्याकडे लेकीबाळींचा सण. खापरावरच्या पुरणपोळ्या, आमरस, दारच्या निंबाला झोका. भाची दोन दिवस झोक्यावरून उतरली नाही. भाच्याला मात्र काहीतरी थरारक हवं होतं, आणि गुरुवारी रात्री जेवणं झाल्यावर त्यानेच मला मोबाईलवर ती रील दाखवली. “मामी, हे जळगावलाच आहे. चला ना.”

रीलमध्ये पॅरामोटर होतं. वर रंगीत छत्री, खाली तीन चाकांची गाडी, मागे पंखा, पुढे बसलेली एक मुलगी दोन्ही हात पसरून ओरडते आहे. खाली तलाव, उंच इमारती, दिव्यांची रांग. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ‘जळगाव शहर वरून पाहा. आठ मिनिटांचा थरार. फक्त १,४९९. फक्त या रविवारी.’ मी कधी विमानात बसलेली नाही. खोटं कशाला बोलू, मलाही बसावंसं वाटलं. मुलं तिघं, माझी लेक धरून, आणि चौथी मी.

त्या रीलमध्ये एक गोष्ट होती जी मी पाहूनही पाहिली नाही, आणि तेवढ्यासाठी तरी हे लिहायलाच हवं. जळगावला कुठल्याही बाजूने या, आधी महापालिकेची सतरा मजली दिसते. बसमधून दिसते, रेल्वेतून दिसते. आणि आकाशातून शहर दाखवणाऱ्या त्या रीलमध्ये सतरा मजली कुठेच नव्हती. व्हिडिओ कुठल्या तरी दुसऱ्याच शहराचा होता. मी तो त्या रात्री सात-आठ वेळा पाहिला असेल. इमारती पाहिल्या, आमची इमारत शोधली नाही.

रीलखालच्या नंबरवर मेसेज केला. पाच मिनिटांत उत्तर. बोलणं इतकं गोड की काय सांगू. “नमस्कार ताई, किती जण? वजन किती? कुणाला दमा, हार्टचा त्रास?” वजन विचारलं म्हणून माझा विश्वास बसला. ज्याला फसवायचंय तो वजन कशाला विचारेल, असं मी ताईंना म्हणालेसुद्धा. सकाळचा सहाचा स्लॉट घेऊ का दुपारी एकचा, असंही त्यांनी विचारलं. ऊन नको म्हणून मी सहाचा घेतला. ॲडव्हान्स माणशी ५००, असे २,००० क्यूआरवर पाठवले. पैसे जाताना स्क्रीनवर नाव आलं ते एका माणसाचं, आपल्याकडचं वाटत नव्हतं. विचारलं तर म्हणे अकाउंटंटचं खातं आहे, कंपनीच्या खात्याला लिमिट लागलंय. मी गप्प बसले.

शुक्रवारी दुपारी फोन आला. आता आवाज बाईचा, मागे कामाची गडबड ऐकू येत होती. शासनाच्या नियमाने विमा काढावा लागतो, माणशी १,२५०, राईड झाल्यावर जागेवर परत. मी म्हटलं, हे आधी का नाही सांगितलं? तर ती म्हणाली, “ताई, लहान मुलं आहेत ना सोबत, त्यांच्या सेफ्टीचं आहे.” मुलांचं नाव काढल्यावर मी काय बोलणार? ५,००० गेले.

शनिवारी सकाळी उरलेले ९९९ प्रमाणे ३,९९६ मागितले, ते दिल्याशिवाय पास निघत नाही म्हणून. पाठवले. रात्री आठला परत फोन. सिस्टीममध्ये रक्कम मॅच झाली नाही, पास ४,००१ चा आहे, तुम्ही ३,९९६ पाठवलेत. पूर्ण ४,००१ पुन्हा पाठवा, आधीचे दहा मिनिटांत आपोआप परत येतील. नाहीतर स्लॉट रद्द आणि ॲडव्हान्सही गेला.

इथे मी थांबायला हवं होतं. पण तोपर्यंत १०,९९६ गेले होते आणि ते वाचवायचे होते. पहिले दोन हजार मी हौसेने दिले. नंतरचा प्रत्येक रुपया आधीचे बुडू नयेत म्हणून दिला. ही माणसं त्याच भीतीवर जगतात. राईडचं नुसतं निमित्त असतं, खरी कमाई दुसऱ्या मागणीपासून सुरू होते. आणि शेजारच्या खोलीत मुलं उद्या घालायचे कपडे काढून ठेवत होती. ताई म्हणत होत्या, “वहिनी, एवढा खर्च नको गं.” त्यांच्यासमोर मागे कशी सरू? ४,००१ पाठवले.

दहा मिनिटांनी परताव्यासाठी म्हणून त्यांनी नवीन क्यूआर पाठवला. स्कॅन करा, पिन टाका, पैसे खात्यात जमा होतील. मी पिन टाकायला अंगठा ठेवलाच होता, तेवढ्यात माझ्या लेकीने मोबाईल हातातून ओढून घेतला. “मम्मी, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन द्यायलाच लागतो.” दहावीची पोर आहे. ती नसती तर खात्यातले उरलेलेही गेले असते. तरी त्या रात्रीही आम्हा दोघींना वाटत होतं की राईड खरी असेल, पैशाचं काम पाहणारा कुणीतरी लबाड असेल. मन किती आधार शोधतं बघा.

रविवारी पहाटे साडेतीनला उठलो. आमचे हे जिनिंगच्या कामाने बाहेरगावी होते, म्हणून ओळखीच्या पोराची गाडी केली, तिचे वेगळे अठराशे. मेहरूण तलावाच्या पुढे, शिरसोली रस्त्याकडचं लोकेशन दिलं होतं. साडेपाचला पोचलो. फटफटत होतं. समोर नांगरलेलं कपाशीचं शेत, गुडघ्याएवढी ढेकळं. त्यात बैल नीट चालणार नाही, तिथे चाकांची गाडी धावून उडणार कशी? छत्री नाही, मंडप नाही, माणूस नाही.

बांधावर आणखी तीन कुटुंबं उभी होती. सगळे वर पाहत होते. आकाशात कुणी येईल म्हणून. एक आजोबा अमळनेरकडून नातवाला घेऊन आले होते, नातवाने गॉगल लावलेला, गळ्यात स्वेटर. उन्हाळ्यात स्वेटर, कारण वर थंडी वाजेल असं त्या लोकांनीच सांगितलेलं. आजोबांनी मला विचारलं, “कव्हय येतीन वं माय त्या?” मी काय सांगू? फोन लावला, बंद. चौघांनी चार मोबाईलवरून लावला, बंद. सव्वासहाला शेताचा मालक मोटारसायकलवर आला. गाडी बंद न करताच म्हणाला, गेल्या रविवारीही अशीच माणसं आली होती. आजोबा बांधावरच बसले. “त्यास्नी आपले फसाडं रे भाऊ,” एवढंच बोलले आणि नातवाचा स्वेटर काढायला लागले.

भाचा परतीच्या वाटेवर एक शब्द बोलला नाही. पाळधीला चहाला थांबलो तेव्हा म्हणाला, “मामी, माझ्यामुळे.” ते मला पैशापेक्षा जास्त लागलं.

आता जे मला नंतर कळलं ते. माझा मावसभाऊ पुण्याकडे असतो, कामशेतला पॅराग्लायडिंग शिकलेला आहे. त्याला सगळं सांगितलं तेव्हा त्याने पहिलाच प्रश्न केला, “दुपारी एकचा स्लॉट देत होते? जळगावला? उन्हाळ्यात?” त्याने समजावलं ते असं. ऊन चढलं की जमीन तापते, तापलेली हवा झोताने वर जाते, आणि त्या झोतात पॅरामोटरचं कापडी पंख हेलकावे खातं, कधी मिटतंही. म्हणून पॅरामोटरवाले सकाळी सूर्य उगवल्यावर तासा-दोन तासात किंवा संध्याकाळी मावळायच्या आधी उडतात. जिथे पारा ४४ च्या पुढे जातो तिथे दुपारी एकला परक्या माणसाला वर न्यायचं कुठलाही खरा पायलट कबूल करणार नाही. दुपारचा स्लॉट विकतोय म्हणजे त्याच्याकडे यंत्रच नाही, किंवा असेल तर त्याला तुमच्या जिवाची पर्वा नाही. वारा पाहिल्याशिवाय आदल्या रात्री कुणी पक्कं वचनही देत नाही, असंही तो म्हणाला.

दुसरी गोष्ट तर आपल्या डोळ्यांसमोरची. जळगावचं विमानतळ कुसुंब्याजवळ आहे, मेहरूणपासून फार लांब नाही. तिथून प्रवासी विमानं उडतात. विमानतळाच्या आसपासच्या आकाशात अशी उडणारी वस्तू न्यायला हवाई वाहतूक नियंत्रणाची परवानगी लागते. कुणीही उठून शहरावरून घिरट्या घालू शकत नाही. आणि महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचं धोरण आणलं, त्याप्रमाणे असा व्यवसाय करणाऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. आपल्या खान्देशासाठी विभागीय कार्यालय नाशिकला आहे. तेव्हा पैसे द्यायच्या आधी नोंदणीचा नंबर मागा, आणि त्या कार्यालयात विचारून खात्री करा. मी वजन सांगितलं, दमा नाही हेही सांगितलं, पण पायलट कोण, हा एक प्रश्न मी तीन दिवसांत विचारला नाही.

तक्रारीचं सांगते, कारण तिथे माझी दुसरी चूक झाली. रविवारी घरी आल्यावर लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन करायचा होता. मी केला नाही. ताई घरात होत्या, यांना काय सांगू हे सुचत नव्हतं, शेजारी कळलं तर काय, असं करत मंगळवार उजाडला. १९३० वर त्यांनी प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी नंबर, वेळ, रक्कम, समोरचा यूपीआय आयडी विचारला. हे सगळं ॲपच्या हिस्टरीत असतं, फोन करण्याआधी समोर कागदावर लिहून ठेवा, म्हणजे वेळ जात नाही. तक्रारीचा नंबर मेसेजने आला. मग जळगावला सायबर पोलीस ठाण्यात गेले, चॅटचे स्क्रीनशॉट, क्यूआर, रीलची लिंक दिली. तिथल्या मॅडम रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “पहिल्या तासात फोन केला असता तर पैसे जिथे होते तिथेच धरले असते.” हे पैसे एका खात्यात बसून राहत नाहीत. अर्ध्या-पाऊण तासात दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात जातात आणि कुठल्या तरी राज्यातल्या एटीएममधून निघतात. माझे बाकीचे तसेच गेले. शेवटच्या ४,००१ मधले २,२०० एका खात्यात शिल्लक सापडले, ते गोठवलेत. ते परत मिळावेत म्हणून अर्ज केलाय.

बँकेतही गेले होते. पिन तुम्हीच टाकलाय, म्हणाले. रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये नियम केला, ग्राहकाच्या स्वतःच्या निष्काळजीपणाने गेलं तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचं. तो वाद मी घातला नाही. पण कळवल्यानंतर जे जाईल त्याची जबाबदारी बँकेची असते, म्हणून बँकेलाही लेखी कळवून पोच घ्या.

यांना सांगितलं तेव्हा हे बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मला रविवारीच फोन करायचा होतास.” दोन दिवस ज्या बोलण्याला मी घाबरले होते ते एवढंच होतं. तुमच्यापैकी कुणाचे पैसे आज, आत्ता गेले असतील तर घरच्यांना नंतर सांगा, आधी १९३० लावा.

त्या आजोबांचा नंबर मी घेऊन ठेवला होता. त्यांचे साडेसात हजार गेलेत, पण तक्रार करायला तयार नव्हते, कोण अमळनेरहून जळगावला चकरा मारणार म्हणून. त्यांना सांगितलं की राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर घरबसल्या तक्रार नोंदवता येते, आणि माझ्या लेकीने फोनवर नातवाला एकेक रकाना सांगत ती भरून दिली. त्याला दीड तास लागला.

काल भाच्याने सुरतेहून एक रील पाठवली आहे. तीच मुलगी, तेच पसरलेले हात, तोच तलाव. फक्त वरची अक्षरं बदललीत, ‘धुळे शहर वरून पाहा’. धुळ्याची पांझरा नदी नाही, लळिंगचा किल्ला नाही, काही नाही. नंबर नवा आहे, तो मी पोलिसांना कळवलाय. स्लॉट येत्या रविवारचा आहे. धुळ्यात तुमचं कुणी असेल तर त्यांना आजच फोन करा.